अमिनो कमी, वजन कमी? थांबा, आधी आपलं ताट मोजू!

‘एक अमिनो ॲसिड बंद करा, चरबी आपोआप उतरेल’ असं सांगणारी रील तुम्हीही पाहिली असेल. त्यामागचे प्रयोग खरे आहेत. पण ते ज्या ताटावर झाले, ते ताट परभणीच्या मेसमधलं नाही. म्हणून डाळ-दूध बंद करण्याआधी हा हिशेब एकदा वाचाच.

रात्रीचे साडेअकरा. वसमत रोडवरची एखादी खोली. डबा धुवून उपडा ठेवलाय, उद्याच्या प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धं राहिलंय आणि तुम्ही मोबाइलवर. समोर एक पिळदार माणूस सांगतोय, “मेथिओनिन बंद करा. उंदीर पोटभर खातात आणि तरी बारीक होतात!”

पोटभर खा आणि बारीक व्हा. याहून भारी काय पाहिजे?

शेजारच्या कॉटवरचा मित्र लगेच हिशेब मांडतो, “लई सोपं आहे की गड्या. मेथिओनिन म्हणजे प्रोटीनमध्येच असतं ना? उद्यापासून अंडी बंद, दूध बंद, वरण बंद. भाकरी आणि ठेचा. पैसे पण वाचतील.”

हसू नका. असे प्लॅन खोल्याखोल्यांत बनतात. कुणाला लग्नाच्या फोटोसाठी बारीक व्हायचं असतं, कुणाला पोलीस भरतीआधी पोट उतरवायचं असतं, तर कुणाला वर्गातल्या चेष्टेचा कंटाळा आलेला असतो. त्यामुळे या रीलमध्ये खरं किती आणि आपल्या कामाचं किती, ते नीट बघू.

आधी मुळाक्षरं

प्रोटीन म्हणजे एक लांबलचक शब्द समजा. तो ज्या अक्षरांनी बनतो ती अक्षरं म्हणजे अमिनो ॲसिड. अशी वीस अक्षरं आहेत. त्यातली अकरा आपलं शरीर बनवू शकतं. उरलेली नऊ मोठ्या माणसाला जेवणातूनच मिळवावी लागतात. मेथिओनिन, लायसिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही त्या नऊपैकी चार. आजच्या गोष्टीतली मुख्य पात्रं हीच.

गंमत अशी, की या नऊपैकी एक जरी अक्षर कमी पडलं तरी शब्द पूर्ण होत नाही. बाकीची कितीही पडून असली तरी उपयोग नाही. छापखान्यात ‘क’चा खिळाच संपला तर ‘कमळ’ कसं छापणार? ज्या अन्नात जे अक्षर सगळ्यात तोकडं, त्यावर त्या अन्नातलं प्रोटीन किती कामाला येणार ते ठरतं. ज्वारीत लायसिन तोकडं आहे. तुरीच्या डाळीत मेथिओनिन तोकडं आहे. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

उंदीर खरंच बारीक झाले

१९९३ साली अमेरिकेत नॉर्मन ओरेंट्रीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांच्या खाण्यातलं मेथिओनिन ०.८६ टक्क्यांवरून ०.१७ टक्क्यांवर आणलं. हे उंदीर बाकीच्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त जगले. अंगावर चरबी कमी, रक्तातली साखर आटोक्यात. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांत असंच दिसलं. मेथिओनिन कमी मिळालं की यकृतातून एफजीएफ-२१ नावाचं संप्रेरक जास्त बाहेर पडतं आणि शरीर जास्त ऊर्जा जाळायला लागतं. म्हणून खाणं कमी न करताही चरबी उतरते.

पुढची गोष्ट आयसोल्युसिनची. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डडली लॅमिंग यांच्या प्रयोगशाळेनं २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या खाण्यातलं आयसोल्युसिन दोन तृतीयांशानं कमी केलं. उंदरांनी जास्त खाल्लं, तरी ते सडपातळ राहिले. नरांचं आयुष्य ३३ टक्क्यांनी वाढलं, माद्यांचं ७ टक्क्यांनी.

रीलमध्ये इथपर्यंत सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही.

ओरेंट्रीच यांचे उंदीर वाढीच्या वयातले होते आणि त्यांची वाढ खुंटली. ते लहानखुरेच राहिले. मेथिओनिन कमी दिलेल्या उंदरांची हाडंही नेहमीपेक्षा कमजोर भरल्याचं नंतर दिसलं. लॅमिंग यांचे उंदीर सहा महिन्यांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात तिशीतले होते. तुम्ही अठरा-वीसचे. तुमची हाडं अजून भरतायत. या वयात कमावलेल्या हाडांवर साठीपर्यंत चालायचं असतं.

आणि माणसं?

माणसांवरचा प्रयोगही झालाय. अमेरिकेतल्या पेनिंग्टन संशोधन केंद्राचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेले, म्हणजे पोट सुटलेलं आणि साखर, रक्तदाब, चरबी यांचं गणित बिघडलेलं, असे २६ लठ्ठ प्रौढ त्यात होते. मुदत १६ आठवडे. एका गटाला रोज वजनाच्या किलोमागे फक्त २ मिलिग्रॅम मेथिओनिन, दुसऱ्याला ३५. कमी मेथिओनिनवाल्या गटाचं शरीर जास्त चरबी जाळू लागलं आणि यकृतातली चरबी घटली. वजन मात्र दोन्ही गटांत सारखंच उतरलं.

आता बघा. २६ माणसं, १६ आठवडे, सगळी आधीच आजाराच्या उंबरठ्यावरची. शिवाय किलोमागे २ मिलिग्रॅम हे साध्या जेवणातून जमतच नाही. त्यासाठी त्यांना एक खास पावडर खावी लागली. ही पावडर मुळात होमोसिस्टिन्युरिया नावाच्या जन्मजात आजारासाठी बनवलेली. त्या आजारात शरीराला मेथिओनिन पुढे नीट मोडता येत नाही, म्हणून डॉक्टर मोजूनमापून ते कमी करतात आणि बाकीची अक्षरं पावडरीतून देतात. म्हणजे अमिनो ॲसिड कमी करणं हा औषधोपचार म्हणून आधीपासून आहे. पण तो रक्त तपासत तपासत करायचा असतो. भाकरी-ठेच्यावर नाही.

आता आपलं ताट

पेन घ्या. तुमचं वजन ५५ किलो धरू. दिवसभरात चार मध्यम भाकरी, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम ज्वारीचं पीठ. आणि दोन्ही वेळचं मिळून ६० ग्रॅम तुरीची डाळ. भाजी आहेच, पण तिच्यात प्रोटीन फार नसतं.

प्रोटीन: भाकरीतून साधारण २५ ग्रॅम, डाळीतून १३. बेरीज ३८. गरज किती? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ४६ ग्रॅम. आठ ग्रॅमचा खड्डा.

मेथिओनिन: भाकरीतून साधारण ४०० मिलिग्रॅम, डाळीतून १५०. बेरीज ५५०. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं गरज किलोमागे सुमारे १०.४, म्हणजे ५७० च्या आसपास. म्हणजे जेमतेम काठावर.

लायसिन: भाकरीतून ५५० मिलिग्रॅम, डाळीतून ९००. बेरीज १४५०. गरज किलोमागे ३०, म्हणजे १६५०. दोनशेचा खड्डा.

हे आकडे अंदाजी आहेत. ज्वारीच्या वाणाप्रमाणे आणि भाकरीच्या जाडीप्रमाणे ते थोडे हलतील. शिवाय खाल्लेलं सगळं पचत नाही, म्हणजे प्रत्यक्ष हातात पडतं ते याहून थोडं कमीच. पण चित्र स्पष्ट आहे. ज्या ताटातून मेथिओनिन काढायचा सल्ला दिला जातोय, त्या ताटात ते वर उरलेलंच नाही.

आता मित्राचा प्लॅन लावा. डाळ बंद. लायसिन १४५० वरून थेट ५५० वर. गरजेच्या एक तृतीयांश. अमिनो ॲसिड कमी करण्याचा प्रयोग असाही होतोच की! फक्त कमी झालं ते भलतंच, आणि आपल्याला पत्ताही नाही.

खरं सांगायचं तर हा प्रयोग आपल्याकडे बऱ्याच घरांत पिढ्यान् पिढ्या चाललाय. दुष्काळाच्या साली, डाळ महागली की, महिनाअखेरीला. भाकरी, मिरची, पाणी. त्यानं कुणी निरोगी झालं नाही. आजीला विचारून बघा.

आणि मेसचं वरण? वर ६० ग्रॅम डाळ धरली ती जरा उदार मनानं. वाटीत तळ दिसत असेल तर आकडा तुम्हीच कमी करा.

ज्वारी, हैदराबाद आणि १९६० ची एक गोष्ट

‘एखादं अमिनो ॲसिड जास्त झालंय’ ही शंका आपल्या भागातल्या ताटाबद्दल एकदा खरोखर घेतली गेली होती. अमेरिकेतल्या त्या पांढऱ्या उंदरांच्याही तेहतीस वर्षं आधी.

दख्खनच्या पठारावर, तेलंगणाच्या बाजूला, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. उन्हात उघडी पडणारी कातडी, म्हणजे मान, हात, पाय, काळी पडून सोलपटायची. जुलाब लागायचे. माणूस उदास, गोंधळलेला व्हायचा. युरोप-अमेरिकेत हा आजार मका खाणाऱ्यांना व्हायचा आणि त्याचं कारण ठाऊक होतं, नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडणं. पण ज्वारीत नायसिन, आणि शरीर ज्यापासून नायसिन बनवतं ते ट्रिप्टोफॅन, अगदीच कमी नव्हतं. मग ज्वारी खाणाऱ्याला पेलाग्रा का?

हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक उत्तर मांडलं. ज्वारीत ल्युसिन फार आहे. शरीराची ल्युसिनची गरज आयसोल्युसिनच्या साधारण दुप्पट असते, ज्वारीत मात्र ते तिपटीहून जास्त भरतं. हा तोल बिघडल्यामुळे नायसिनचं काम अडतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्या संस्थेत रुग्णांना आयसोल्युसिन देऊनही पाहिलं आणि फरक जाणवला. हीच प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय पोषण संस्था, अर्थात एनआयएन झाली. गोपालन २०१९ मध्ये, वयाच्या शंभरीत वारले.

हा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला असं नाही. दुसऱ्या काही प्रयोगशाळांना प्राण्यांमध्ये तो परिणाम दिसला नाही आणि वाद चालू राहिला. पण इलाज कुठं सापडला ते महत्त्वाचं. ज्वारी सोडा असं कुणी सांगितलं नाही. ज्वारीच्या जोडीला दुसरं काही मिळू लागलं, तांदूळ-गहू आला, डाळ-दूध आलं, तसा तो आजार मागे पडत गेला. दोष ज्वारीचा नव्हता. ताटात एकट्या ज्वारीशिवाय काही नसणं हा दोष होता.

आणखी एक गंमत लक्षात आली का? गोपालन यांच्या संस्थेत रुग्णाला आयसोल्युसिन वाढवून दिलं. विस्कॉन्सिनमध्ये उंदरांचं आयसोल्युसिन कमी केलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एका ताटात ते कमी, दुसऱ्यात वाजवीपेक्षा जास्त. सल्ला देणाऱ्यानं आधी ताट बघायला पाहिजे, एवढंच.

मग पोट सुटतं कशानं?

तुम्ही म्हणाल, “ताटात प्रोटीन एवढं कमी, मग माझं पोट का सुटलंय? आणि बाबांना चाळिशीत शुगर का निघाली?”

याचं उत्तर शोधण्यात महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरचं मोठं काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्यावर दोघं सारखेच, आतला माल वेगळा.

याला ‘बारीक पण लठ्ठ’ म्हणा. हातपाय काडीसारखे, पोट पुढं. आरशासमोर उभं राहून बघा, ओळखीचं वाटतंय? याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू. पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे हे प्रकरण आईच्या पोटातच सुरू होतं.

म्हणून आपल्या शरीराला आधीच स्नायू कमी आहेत. जेवलेली साखर जिरवण्याचं मोठं काम स्नायूच करतात. अशा शरीराचं प्रोटीन आणखी कापलं तर उतरलेल्या वजनात स्नायूही जाणार. काटा खूश, शरीर नाही.

देशभरातल्या सुमारे सव्वा लाख प्रौढांवरच्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासातून २०२५ मध्ये आलेले आकडेही हेच सांगतात. भारतीय माणसाच्या कॅलरीपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, प्रोटीनमधून जेमतेम १२. त्या पिष्टातल्या थोड्या कॅलरीच्या जागी डाळी किंवा दूधदुभत्याचं प्रोटीन आलं तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो, असा त्यांचा हिशेब आहे. रील सांगते त्याच्या बरोबर उलट.

मेथिओनिनचा आपल्याकडचा खरा धागा: बी-१२

मेथिओनिनचा विषय आपल्यासाठी बिनकामाचा आहे का? नाही. फक्त प्रश्न वेगळा आहे.

शरीरात मेथिओनिन वापरलं गेलं की होमोसिस्टीन नावाचा पदार्थ तयार होतो. तो साठू द्यायचा नसतो. बी-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वं मिळून त्याचं पुन्हा मेथिओनिन करतात. रिकामी बाटली धुवून परत भरल्यासारखं. बी-१२ कमी पडलं की बाटल्या साचत जातात. रक्तातलं होमोसिस्टीन वाढलेलं असण्याचा संबंध हृदयविकाराशी आणि गरोदरपणातल्या अडचणींशी जोडला जातो.

याज्ञिकांच्या टीमनं पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. गावातले, झोपडपट्टीतले, शहरी मध्यमवर्गातले. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं. सगळ्यात वाईट अवस्था कुणाची? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्क्यांचं बी-१२ कमी. सहा गावांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांचं गरोदरपणी फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. मधुमेहाची पहिली पायरी हीच. म्हणून याच टीमनं २०१२ मध्ये त्या गावांतल्या वयात आलेल्या मुला-मुलींना, म्हणजे तुमच्याच वयोगटाला, रोज थोडं बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला. पुढची पिढी सुधारायची तर आई-बाबा होण्याच्या आधीपासून, हा त्यामागचा विचार.

बी-१२ वनस्पतींत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. गरज रोजची फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम. डाळ-भाकरीवर राहणाऱ्या शाकाहारी मुलामुलींनी दूध-दहीही सोडलं, तर ते येणार कुठून? म्हणजे ‘मेथिओनिन कमी करायचं’ म्हणून दूध आणि अंडी बंद केली, तर आपण बी-१२ बंद करतोय. बाटल्या साचवण्याचा पक्का बंदोबस्त.

मुलींनी हे जास्त मनावर घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे बाकावर तिघी बसल्या तर दीड जण. दम लागतो, केस गळतात, लेक्चरला डोळे मिटतात आणि आपण म्हणतो, “झोप झाली नसेल.” त्यात आणखी डाएट!

जिमवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद

सगळ्यांचंच ताट तोकडं नसतं, हेही खरं. काही जण सकाळी सहा अंडी, दुपारी पाव किलो चिकन आणि वर दोन स्कूप व्हे घेतात. सहा अंड्यांतच ११०० मिलिग्रॅमच्या वर मेथिओनिन असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या जवळपास दुप्पट. अमिनो ॲसिड कमी करण्याचं संशोधन ज्या ताटाबद्दल बोलतंय, ते हे ताट.

आणि त्या रंगीत डब्यावर ‘बीसीएए’ लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. एकीकडे प्रयोगशाळा बघतेय की आयसोल्युसिन कमी केलं तर चयापचय सुधारतो का, आणि दुसरीकडे आपण तेच हजार-दोन हजार देऊन जास्तीचं पितोय! व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन थोडं जास्त लागतं, हे मान्य. पण पूर्ण प्रोटीन पोटात जात असेल तर ही तीन अक्षरं त्यात असतातच, वेगळी विकत घ्यायची गरज नाही. एनआयएननं २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनातही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरींच्या मागे लागू नका असंच सांगितलंय. मूठभर फुटाणे, उकडलेली अंडी, मोडाची मटकी. एवढ्यात भागतं.

आजीची चटणी आणि विद्यापीठाचं शेत

ज्वारीत लायसिन कमी, तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन कमी, तिळात चांगलं. भाकरी, घट्ट वरण आणि वर चमचाभर तिळाची नाहीतर कारळाची चटणी. तिन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. शंभर ग्रॅम तिळात जवळपास ५८० मिलिग्रॅम मेथिओनिन असतं, तुरीच्या दुपटीहून जास्त. आजीला मेथिओनिन माहीत नव्हतं, पण जोडी बरोबर लावली होती.

ज्वारीचं तर आपल्या दारातच संशोधन चालतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे. ‘परभणी मोती’ हे ज्वारीचं नाव घरातल्या शेतकऱ्याला विचारा, ओळखीचं निघेल. २०१८ मध्ये हैदराबादच्या इक्रिसॅटसोबत ‘परभणी शक्ती’ हा वाण आला, त्यात लोह आणि जस्त जास्त. म्हणजे काहीतरी काढून टाकण्याऐवजी त्याच भाकरीत जे कमी आहे ते भरण्याचा प्रयत्न. हुरडा खायला जाल तेव्हा आठवा.

मग करायचं काय?

• कंबर मोजा, काट्यावर भरवसा ठेवू नका. बेंबीच्या पातळीला टेप लावा. मुलांची ९० सेंटिमीटरच्या आणि मुलींची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर वजन कितीही असो, लक्ष द्या.

• चारमधली एक भाकरी कमी करा, त्या जागी एक वाटी घट्ट वरण, उसळ किंवा पिठलं वाढवा. वजन उतरवायचं असेल तरी हेच.

• रोज एक ग्लास दूध किंवा दोन वाट्या दही. वर काढलेला आठ ग्रॅमचा खड्डा आणि लायसिनची तूट यात भरून निघते, बी-१२ चाही बराच वाटा मिळतो. अंडं चालत असेल तर उत्तम.

• कापायचंच असेल तर दिवसातले तीन गोड चहा, कोल्ड्रिंक, वडापाव आणि रात्री बाराची मॅगी कापा. तिथं कुणाचाच वाद नाही.

• आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका काढा. स्नायू वाढले की साखर जिरवायला जागा वाढते. फुकट आहे.

• सतत थकवा, हातापायाला मुंग्या, तोंड येणं असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा, डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. घरात मधुमेह असेल तर उपाशीपोटीची साखरही. मूत्रपिंडाचा किंवा जन्मजात आजार असेल तर प्रोटीन कमी-जास्त करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच.

• खाणं सोडावंसं सारखं वाटतं, जेवल्यावर अपराधी वाटतं, असं होत असेल तर ते डाएट राहिलेलं नाही. घरच्यांशी, शिक्षकांशी, डॉक्टरांशी बोला. यात लाजण्यासारखं काही नाही.

अमिनो ॲसिड कमी करण्याचं संशोधन भारी आहे. उद्या त्यातून मधुमेहावर, यकृतातल्या चरबीवर औषधही निघेल कदाचित. तुमच्यापैकी कुणी विज्ञान शाखेत असेल तर यात करिअरसुद्धा आहे, आणि ज्वारी-तुरीच्या ताटावर हा अभ्यास करायला परभणीसारखी जागा नाही.

पण आज रात्रीचा निर्णय साधा आहे. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला हा हिशेब दाखवा. आणि उद्या डबा घ्यायला गेलात की मेसच्या मावशींना एवढंच म्हणा, “मावशी, वरण जरा घट्ट करा ना.”